यंत्राचा भाव आणि पाण्याचा नमुना

हतनूरच्या जलाशयाचा किंवा धुळ्यातून वाहणाऱ्या पांझरेचा अभ्यास करायचा म्हटलं की पहिली अडचण पैशाची सांगतात. परदेशी बनावटीचं यंत्र नसेल तर आकडे खरे कोण मानणार? या समजात मुळातच गोम आहे. नमुना घेणारं यंत्र काही मोजत नाही. ठरलेल्या खोलीवरचं पाणी वरच्या थरांशी मिसळू न देता काठावर आणायचं, एवढंच त्याचं काम. व्हॅन डॉर्न यांनी 1956 मध्ये मांडलेली रचनाही तशीच साधी आहे: दोन्ही टोकांना उघडा नळकांडा, दोन झाकणं आणि त्यांना आतून खेचणारी रबरी नळी. खाली सोडताना पाणी आरपार जातं. दोरीवरून घसरत आलेलं वजन खटक्यावर आदळलं की झाकणं फटकन मिटतात. जळगाव तर पीव्हीसी पाइपांचं गाव. चार इंची पाइपाच्या फूटभर तुकड्यात दोन-अडीच लिटर पाणी मावतं, आणि मोरी तुंबल्यावर वापरतात त्या पंपाच्या रबरी वाट्या झाकण म्हणून चालतात.

मग साधी बाटली दोरीने सोडली तर? इथे दुसरा गैरसमज सुरू होतो. उघड्या बाटलीत वरचंच पाणी आधी शिरतं. वजन बांधून सोडलेली आणि खोलवर गेल्यावर दुसऱ्या दोरीने बूच उपटायची बाटली क्षार तपासायला ठीक. पण पाणी आत शिरताना हवा बुडबुडत बाहेर पडते आणि विरघळलेल्या प्राणवायूचा आकडा फुगतो. 30 अंश तापमानाच्या पाण्यात प्राणवायू मावतोच लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. त्यात दीड-दोनची खोटी भर पडली की निष्कर्षच फिरतो. म्हणून पाइपातलं पाणी बारीक नळीने काचेच्या बाटलीच्या बुडापासून भरावं, थोडं ओसंडू द्यावं आणि मँगनीज सल्फेट व अल्कली आयोडाइड तिथल्या तिथे घालावं. साका तपकिरी आला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर नाही. ही विंकलरची 1888 सालची पद्धत.

घरी बनवलेल्या साधनाचा भरवसा काय, हा आक्षेप रास्तच आहे. त्याचं उत्तर पडताळणीत मिळतं: विकतचं आणि घरचं साधन एकाच जागी, एकाच खोलीवर सोडावं, जोडनमुने घ्यावेत, ऊर्ध्वपातित पाणीही त्याच पाइपातून काढून तपासावं. शिवाय शेवाळ रात्री प्राणवायू फक्त वापरतं, त्यामुळे साठलेल्या पाण्यात तो पहाटे सर्वांत कमी असतो. वर्षातून एकदा दुपारी येणाऱ्या महागड्या यंत्राला ही घसरण दिसतच नाही. दर आठवड्याला पहाटे सोडलेल्या पाइपाला दिसते. पांझरा आटून नुसते डोह उरतात तेव्हा हा फरक मोठा.

नितळ पाणी म्हणजे चांगलं पाणी, हा समज तर सगळ्यांत चिवट. सेकी यांनी 1865 मध्ये वापरलेली तबकडी (आता 20 सेंटिमीटरची, काळ्या-पांढऱ्या चौकटींची) घरी रंगवता येते, पण ती पारदर्शकताच सांगते. नायट्रेट आणि जंतू तिला दिसत नाहीत.

पाइपालाही मर्यादा आहे. केळी-कापसाच्या पट्ट्यातली कीटकनाशकं शोधायची तर तो बाजूलाच ठेवावा, कारण यांतली बरीच द्रव्यं प्लॅस्टिकला चिकटतात. तिथे गडद काचेची स्वच्छ बाटली, बर्फाची पेटी आणि सुसज्ज प्रयोगशाळा लागते, आणि खर्च करायचा तो तिथे.