एका उंदराचा निर्वंश

ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांना विभागणाऱ्या टॉरेस सामुद्रधुनीच्या ईशान्य टोकास, फ्लाय नदीच्या मुखापासून सुमारे 50 किलोमीटरांवर, ब्रॅम्बल के नावाचे वाळूचे एक बेट आहे. विस्तार जेमतेम चार-पाच हेक्टर आणि समुद्रसपाटीपासून उंची फार तर 3 मीटर. 1845 साली ‘ब्रॅम्बल’ या ब्रिटिश जहाजावरील मंडळी येथे उतरली, तेव्हा उंदरासारख्या एका प्राण्याचा असा सुळसुळाट त्यांना आढळला की, धनुष्यबाणाने त्याची शिकार करणे ही त्यांची करमणूकच होऊन बसली. पुढे 1924 साली ओल्डफील्ड थॉमस या प्राणिशास्त्रज्ञाने त्याचे ‘मेलोमिस रुबिकोला’ असे नामकरण केले. तांबूस-तपकिरी अंग आणि फरशीच्या नक्षीप्रमाणे एकमेकांत बसलेल्या खवल्यांची लांब शेपटी ही त्याची ओळख. अन्न म्हणजे मुख्यत्वे बेटावरचे बुटके तण, ज्यात आपल्याकडे जिची भाजी करतात ती घोळही होती. पृथ्वीच्या पाठीवर अन्यत्र कोठेही त्याच्या वास्तव्याची नोंद नव्हती.

1978 च्या पाहणीत शेकड्यांनी मोजले गेलेले हे उंदीर 1998 पर्यंत शंभराच्या आत आले, 2004 साली सापळ्यांत अवघे 12 सापडले, आणि 2009 नंतर ते कोणाच्याही दृष्टीस पडले नाहीत.

समुद्राने हे बेट गिळले, असे मात्र झाले नाही. ते आजही जागेवर आहे. 1993 ते 2010 या काळात या सामुद्रधुनीचे पाणी दरवर्षी सुमारे 6 मिलिमीटर, म्हणजे जगाच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट वेगाने, चढत होते. एवढीशी वाढ किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या ध्यानातही येत नाही. परंतु वादळाची लाट आता अधिक उंचीवरून निघते, पूर्वी जेथवर पोचत नसे तेथवर खारे पाणी नेते, आणि ते मुळांशी मुरले की हिरवळ करपून जाते. 2004 साली 2 हेक्टरांहून अधिक असलेले हिरवे क्षेत्र मार्च 2014 मध्ये 0.065 हेक्टर, म्हणजे अवघे साडेसहाशे चौरस मीटर, उरले होते. ज्याला चढून जावयास टेकडी नाही आणि पोहून जावयास दुसरा किनारा नाही, अशा जीवाचा अन्नसाठा आणि आसरा अशा रीतीने बेट जागेवर असतानाच नाहीसा झाला.

याच सुमारास दप्तरी कारभारही चालू होता. 2008 च्या संरक्षण-आराखड्यात समुद्राची वाढ व वादळे यांचा उल्लेख होता. मात्र आराखड्याच्या मुदतीत त्यांचा मोठा उपद्रव संभवत नाही, असा निर्वाळाही त्यात होता. 2014 साली शास्त्रज्ञ बेटावर गेले ते काही उंदीर पकडून मुख्य भूमीवर त्यांची पैदास करण्याच्या उद्देशाने. परंतु सापळे आणि कॅमेरे लावूनही एकही उंदीर हाती लागला नाही. 2019 च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाच्या सरकारने हा प्राणी नामशेष झाल्याचे जाहीर केले. मानवनिर्मित हवामानबदलामुळे नष्ट झालेला पहिला सस्तन प्राणी म्हणून त्याचे नाव सांगितले जाते.

याहून निराळी वाट हवाई द्वीपसमूहात काढली गेली. एकट्या लेसन बेटावर उरलेल्या तेथील बदकांपैकी 42 बदके 2004 व 2005 साली मिडवेवर, आणि 2014 साली आणखी काही क्युरे बेटावर, नेण्यात आली. हा उपाय सर्वांना लागू पडत नाही हेही खरे. जन्मभूमीच्या परिसरात अंडी घालावयास परतणाऱ्या समुद्री कासविणीचे स्थलांतर इतके सुकर नाही, आणि त्याच द्वीपसमूहातील ईस्ट आयलंड हे कासवांच्या विणीचे मोठे ठिकाण 2018 च्या ऑक्टोबरात एका चक्रीवादळाने जवळजवळ पुसून टाकले. तरीही जेथे स्थलांतर शक्य आहे तेथे त्याचा हुकूम निघावयाचा तो संख्या पुरेशी दिसत असतानाच निघाला पाहिजे. कारण अशा बेटाला अभयारण्याचा दर्जा देणारा कायदा शिकाऱ्याला रोखू शकतो, भरतीला नव्हे, आणि शेवटचा डझन शिल्लक राहिल्यावर मंजूर होणारी तरतूद बहुधा पंचनाम्याच्याच कामी येते.