विश्लेषण : जुनी गाणी ‘रीमास्टर’ होतात म्हणजे नेमके काय होते? माळ्यावरची तबकडी तरीही का जपायची?

मोबाइलवर शंभर वर्षांपूर्वीचे गाणे स्वच्छ ऐकू येत असेल, तर घरातली खरखरणारी रेकॉर्ड भंगारात द्यायला काय हरकत आहे? हरकत बरीच आहे.

धानाची कापणी आटोपली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. तंबूत रात्रभर रंगणाऱ्या या नाटकांत गाणी आजही प्रत्यक्ष वाद्यांच्या साथीने म्हटली जातात. गाण्याच्या अशा शौकामुळे भंडारा, पवनी, तुमसरकडच्या एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर ७८ आरपीएमच्या तबकड्यांचा गठ्ठा निघाला, तर नवल नाही. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, अब्दुल करीम खाँ यांची तीच पदे आणि त्याच चिजा आता ॲपवर ‘रीमास्टर्ड’ अशी पाटी लावून मिळतात. मग ही अडगळ कशाला, असा प्रश्न घरातल्या तरुण मंडळींना पडतो. त्याचे उत्तर ‘रीमास्टर’ या शब्दातच आहे.

‘मास्टर’ कुठे असतो?

जुन्या पद्धतीत गाणे आधी मेणाच्या जाड चकतीवर कोरले जाई. त्यावरून धातूचा साचा तयार होई आणि त्या साच्याने तबकड्या छापल्या जात. हा साचा, किंवा नंतरच्या काळात ध्वनिफीत, म्हणजे मास्टर. भारतात ग्रामोफोन कंपनीचे पहिले मुद्रण १९०२ मध्ये कोलकात्यात झाले. फ्रेड गैसबर्ग यांनी गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला तो याच दौऱ्यात. मेणाच्या चकत्या तेव्हा जर्मनीतील हॅनोव्हरला जात आणि तबकड्या छापून परत येत. गाणे संपताच गौहर जान इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत, ते तिथल्या कामगारांना गाणे कोणाचे हे कळावे म्हणून. कोलकात्याजवळ सियालदहला तबकड्यांचा कारखाना आला तो १९०८ मध्ये.

त्या काळातल्या असंख्य गाण्यांचे धातूचे साचे आज उरलेले नाहीत. त्यामुळे ७८ च्या बाबतीत ‘रीमास्टर’ याचा अर्थ बहुतेकदा एवढाच असतो की, सापडलेल्यांपैकी सर्वांत बऱ्या तबकडीवरून आवाज पुन्हा उतरवून घेतला. पाटी भारदस्त असली तरी मूळ स्रोत कुणाच्या तरी कपाटातलीच तबकडी असते.

जॅझच्या इतिहासात याचे ठळक उदाहरण आहे. किंग ऑलिव्हर यांच्या वाद्यवृंदाने १९२३ मध्ये अमेरिकेत केलेली मुद्रणे हा सुरुवातीच्या जॅझचा पाया मानला जातो. तरुण लुई आर्मस्ट्राँग त्यात कॉर्नेट वाजवत होता. त्यातल्या ‘झुलूज बॉल’ आणि ‘वर्किंग मॅन ब्लूज’ या दोन बाजू असलेल्या तबकडीची जगात एकच प्रत ज्ञात आहे. या दोन रचना आज सीडीवर किंवा ॲपवर कुठेही ऐकल्या, तरी त्या त्या एका प्रतीतूनच आलेल्या असतात. ती कुणी भंगारात दिली असती तर?

वेग चुकला की स्वर चुकतो

‘७८’ हा आकडा पुढे प्रमाण झाला. आरंभीच्या काळात मुद्रणाचे यंत्र मिनिटाला सत्तर ते ऐंशीच्या आसपास कितीही फेरे घेई. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली, तर लय पाच टक्क्यांनी वाढते आणि स्वर जवळजवळ एका पट्टीने चढतो. गायकाने पांढरी एकमध्ये म्हटलेले पद काळी एकमध्ये ऐकू येते.

पाश्चात्त्य संगीतात रचनेची पट्टी छापील स्वरलिपीत सापडते, त्यावरून वेग पडताळता येतो. आपल्याकडे षड्ज गायकाच्या गळ्याप्रमाणे ठरतो. साथीला हार्मोनियम किंवा ऑर्गन असेल तर थोडा आधार मिळतो. वाद्याचा स्वर दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठे तरी लोंबकळत असेल, तर वेगाबद्दल शंका घ्यायला हवी. अर्थात जुन्या पेट्यांचे सूरही एकसारखे नसत, त्यामुळे हा पुरावा शेवटचा नाही. सारंगीच्या साथीत तर तोही नाही.

बालगंधर्वांच्या बाबतीत हा सापळा अधिक फसवा आहे. वेग वाढला की आवाज बारीक होतो. स्त्रीभूमिकेतल्या गायकाचा आवाज बारीक लागला, तर ऐकणाऱ्याला त्यात चूक जाणवतच नाही.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या १९५९ च्या प्रसिद्ध जॅझ अल्बमची पहिली बाजू मुद्रणयंत्राच्या वेगातील दोषामुळे किंचित चढ्या सुरात वाजत असे. नव्वदच्या दशकातल्या पुनर्प्रकाशनात ती दुरुस्त झाली. तोवर तीसहून अधिक वर्षे विद्यार्थी त्या चुकलेल्या सुराशी आपले वाद्य जुळवत होते.

खरखर काढताना काय जाते?

१९२५ पूर्वी मायक्रोफोन वापरात नव्हता. भारतात विजेवरचे मुद्रण त्यानंतर दोनेक वर्षांनी रुळले. त्याआधी गायक एका कर्ण्यात तोंड घालून गात असे आणि त्याच्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणात हले. या पद्धतीत साधारण २०० ते २५०० हर्ट्झ एवढाच पट्टा उमटे. माणसाचा कान २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो. म्हणजे डग्ग्याची घुमक तबकडीत उतरलीच नाही. पुरुषांच्या तानपुऱ्याचा षड्ज १४० हर्ट्झच्या आसपास असतो, तोही निसटला. एवढ्या जुन्या गाण्याच्या नव्या आवृत्तीत डग्गा दणदणीत वाजत असेल, तर तो आज कुणी तरी घातलेला आहे.

खाचेतल्या ओरखड्याने होणारा ‘टक्’ आवाज काढणे तुलनेने सोपे. तो क्षणार्धाचा असतो आणि आजूबाजूच्या लहरीवरून तेवढी जागा भरता येते. ब्रिटिश ध्वनितंत्रज्ञ जॉन आर. टी. डेव्हिस हे काम संगणकाआधी हाताने करत. ध्वनिफितीवरचा नेमका तेवढा लेप पात्याने खरवडत. सतत चालणारी ‘सर्र’ ही खरी अडचण. ती ज्या कंपनांत असते त्याच कंपनांत ‘स’, ‘श’ ही व्यंजने, श्वास आणि सारंगीवरच्या गजाची घासही असते. सॉफ्टवेअरची कळ जास्त फिरवली की खरखर जाते आणि गाणे पाण्याखालून आल्यासारखे वाटते. ‘स्वच्छ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक आवृत्त्यांत नेमके हेच झालेले असते. थोडी खरखर राहू देणाऱ्या तंत्रज्ञावर विश्वास ठेवावा.

आता यात कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. २०२३ मध्ये बीटल्सच्या ‘नाऊ अँड देन’साठी जॉन लेनन यांचा आवाज जुन्या कॅसेटमधल्या पियानोपासून वेगळा केला गेला. कॅसेटमध्ये असलेला आवाज वेगळा करणे एक, आणि तबकडीत नसलेली कंपने अंदाजाने भरणे दुसरे. दुसऱ्या प्रकारात तान ऐकायला छान लागेल, पण तिचा काही भाग गायकाचा नसेल.

तबकडी, लाख आणि भंडारा

७८ ची तबकडी प्लास्टिकची नव्हे. लाखेत दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून ती बनते. जगाला ही लाख मुख्यतः भारताच्या जंगलांतून जाई. भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात पळसावरून काढतात तीच ही लाख. (गोंदिया १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होता.) लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुतार फर्निचरचे पॉलिश तसेच करतात. म्हणून तबकडी स्पिरिट किंवा सॅनिटायझरने पुसली, तर खाचाच विरघळतील. थंड पाणी, साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश पुरे. कागदी लेबल मात्र कोरडे ठेवावे.

विदर्भाच्या उन्हाळ्यात टिनाच्या छपराखाली आडव्या रचलेल्या तबकड्या वाकतात. त्या उभ्या, घरातल्या थंड खोलीत ठेवाव्यात. एलपीच्या सुईने ७८ वाजवू नये. तिचे टोक खाचेच्या मानाने फार बारीक असते, ते तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर उचलते. डिजिटल प्रत करायचीच, तर पहिली फाइल कोणतीही सफाई न करता, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झच्या वेव्ह स्वरूपात ठेवावी. सफाई तिच्या प्रतीवर करावी. लेबलचा आणि त्यालगत कोरलेल्या क्रमांकाचा फोटोही हवा. एकच पद दोनदा मुद्रित झाले असेल, तर ते त्या क्रमांकावरूनच कळते. मुंबईतील ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संग्राहकांची संस्था १९९० पासून अशा तपशिलांच्या नोंदी जमवत आली आहे.

ही गाणी इतरांना ऐकवता येतात का?

भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असतो. १९२०-३० च्या तबकड्या त्यातून केव्हाच मोकळ्या झाल्या. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. ‘मानापमान’, ‘स्वयंवर’ लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या पदांच्या शब्दांची मुदत २००८ अखेर संपली.

आणि तबकडी फुटलेली असेल तर? अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत कार्ल हेबर यांच्या चमूने ‘आयरीन’ नावाची यंत्रणा तयार केली आहे. ती सुई न लावता खाचांची सूक्ष्म छायाचित्रे घेते आणि त्यांवरून आवाज काढते, अगदी तुकड्यांवरूनही. तेव्हा तुकडे झाडून टाकण्याऐवजी लेबलसह एका पाकिटात भरून ठेवावेत.