मूल कुठं टाकलं?

आमच्या गावाकडं आईबाप नसलेल्या पोराबद्दल बोलताना एकच क्रियापद चालायचं, टाकणं. ‘आश्रमात टाकलं’, ‘बोर्डिंगात टाकलं’, ‘मामाकडं टाकलं’. खोड्या केल्या की आम्हालाही दम मिळायचा तो ‘रिमांड होममध्ये टाकीन’ असाच. निराधार मुलांच्या सांभाळाचा दीडशे वर्षांचा मागोवा घेताना मी या शब्दापाशी सारखा अडखळतो.

१८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा मूल खरोखरच टाकलं जायचं, विहिरीत नाहीतर उकिरड्यावर. फसवल्या गेलेल्या विधवेनं गुपचूप बाळंत व्हावं आणि मूल जगावं, म्हणून ही सोय होती. पण फुले दांपत्य सोय करून थांबलं नाही. काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ मध्ये स्वतःच्या घरात घेतला. तो यशवंत पुढं डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात त्याच्याच दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई गेल्या. दत्तक देण्याघेण्यात जात आणि कूळ आधी पाहणाऱ्या काळात हे घडलं, याचं मला आजही नवल वाटतं.

१८७५ मध्ये पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या मंडळींनी बालकाश्रम सुरू केला. तीर्थयात्रेच्या नावाखाली घरचेच गरोदर विधवेला तिथं आणून सोडत. १९२४ मध्ये मुंबई इलाख्यात मुलांचा कायदा झाला आणि निराधार मूल ही सरकारचीही जबाबदारी ठरली. संस्थांनी असंख्य जीव वाचवले, ते ऋण मोठं आहे. पण गावानं त्यातून एक वाईट सवय लावून घेतली. गाडीत बसवून दिलं की पोर आपल्या डोळ्यांआड, आणि आपण मोकळे.

ही सवय मोडायला घरातच मदत पोचायला हवी होती. त्यासाठी राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे. तीत पूर्वी महिन्याला ४२५ रुपये मिळत, कोरोनाच्या काळात ते १,१०० झाले, २०२३ पासून २,२५०. योजनेला आता सावित्रीबाईंचं नाव आहे. आई किंवा बाप गमावलेलं मूल नातलगांकडं, आपल्याच गल्लीत, आपल्याच शाळेत राहू शकतं.

कोरोनानंतरच्या वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी नातवाला असं घरीच ठेवू पाहणारी एक आजी भेटली. हातात प्लास्टिकची पिशवी, तीत रेशनकार्ड, दोन मृत्यूचे दाखले, नातवाचं शाळेचं बोनाफाईड. या योजनेसाठी बालकल्याण समितीसमोर पोराला उभं करायचं म्हणून खुरपणीचा रोज बुडवून आलेली. बाकावरच्या बाईनं विचारलं, ‘एवढं करण्यापरीस आश्रमात का टाकत नाही?’

‘टाकायला तो काय केर हाय व्हय?’ आजी म्हणाली, आणि नातवाच्या शर्टाचं वरचं बटण लावू लागली.

त्या दिवशी उत्पन्नाचा दाखला कमी निघाला. दोघं पाचच्या एसटीनं परत गेली.