कुलूप चोराचं, कपाट आपलं!

मुलांच्या बारशाचे फोटो, भिशीचा हिशेब, सोसायटीची कागदपत्रं, शिकवणीच्या प्रश्नपत्रिका... हल्ली सारं घरच्या संगणकाच्या पोटात असतं. म्हणूनच ‘रॅन्समवेअर’ म्हणजे काय, हे आपणही समजून घ्यायला हवं. रॅन्सम म्हणजे खंडणी. हा चोर आपल्याच कपाटाला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्लीचे पैसे मागतो.

उदाहरण घेऊ ‘वॉनाक्राय’चं. १२ मे २०१७ रोजी तो पसरू लागला आणि पाहता पाहता दीडशेवर देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्याने धरले. इंग्लंडमधल्या सरकारी इस्पितळांना रुग्णांच्या ठरलेल्या शस्त्रक्रियासुद्धा रद्द कराव्या लागल्या.

तज्ज्ञांनी या वॉनाक्रायची अगदी चिरफाड करून पाहिली. विंडोजमधल्या एका फटीतून तो शिरे. कुणी काही उघडण्याचीही गरज नसे. आत आला की आधी इंटरनेटवरचा एक विचित्र पत्ता हाक मारून पाही. उत्तर आलं तर गप्प बसे! मार्कस हचिन्स या तरुण ब्रिटिश तज्ज्ञाने तो पत्ता नोंदवून टाकला आणि साथ ओसरली.

उत्तर आलं नाही, की काम सुरू. एकीकडे शेजारचे संगणक शोधायचे, दुसरीकडे फोटो, पत्रं, हिशेब हुडकायचे. प्रत्येक फाईलची कुलूपबंद नक्कल करायची आणि मूळ फाईल पुसून टाकायची. प्रत्येक फाईलची किल्ली वेगळी, आणि त्या साऱ्या किल्ल्या आणखी एका कुलपात. त्याची किल्ली मात्र चोराकडे! म्हणून नंतर चोराला हाकललं तरी कुलूप तसंच राहतं. विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रतीही तो पुसतो, जोडलेली डिस्क किंवा पेनड्राइव्हही सोडत नाही.

शेवटी लाल चौकट झळके: तीनशे डॉलर बिटकॉइनमध्ये भरा, तीन दिवसांनी दुप्पट, सात दिवसांनी फाईली गेल्याच समजा. पण पैसे कुणी भरले हे ओळखण्याची धड सोयच त्यात नव्हती. मग भरून तरी काय उपयोग?

मैत्रिणींनो, वर्षाचं लोणचं आपण एकाच बरणीत भरतो का? तसंच इथेही करावं.

१. महत्त्वाच्या फाईलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, ती उघडते ना ते पाहावं आणि काम होताच डिस्क काढून कपाटात ठेवावी. जोडून ठेवलेली प्रत ही प्रतच नव्हे!

२. ‘अपडेट करा’ अशी सूचना आली की ‘उद्या बघू’ म्हणू नये. वॉनाक्रायची ती फट बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच दिली होती.

३. तसं काही घडलंच, तर आधी इंटरनेट तोडावं, पडद्याचा फोटो काढून ठेवावा, पैसे भरू नयेत आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा.

या रविवारी दुपारची झाकपाक झाली, की पहिलं काम तेवढं करून टाका.