क्लच सोडा म्हणलं, पाय उचला नाही

नांदेडच्या हिंगोली गेट उड्डाणपुलावर, चढाच्या निम्म्यात, ड्रायव्हिंग स्कूलची पांढरी गाडी बंद पडली होती. मागे रिक्षा, रिक्षामागे ट्रॅक्टर, आणि सगळ्यांचे हॉर्न सुरू. यात नवल काहीच नाही. मी थांबलो तो शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्यामुळे. स्कूलच्या गाडीत त्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतात. त्यानं मात्र चप्पल काढून एक पाय सीटवर दुमडून घेतला होता. उजवा हात तेवढा हँडब्रेकपाशी. स्टिअरिंगवर पन्नाशीच्या बाई. गाडी दोनदा हिसका मारून बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली. हा माणूस दाराबाहेर बघत होता.

गाडीच्या दारावर फोन नंबर होताच. तो लावला आणि त्या सरांच्या क्लासला पोचलो.

क्लास सकाळी साडेसहाला, तरोडा नाक्याच्या पलीकडच्या प्लॉटिंगमध्ये. डांबरी रस्ते झालेत, खांब उभे राहिलेत, घरं अजून यायची आहेत. सर पूर्वी ट्रक चालवायचे. बोलणं कमी. पहिल्याच भेटीत त्यांनी एक आकडा सांगितला आणि पुढं प्रत्येक वेळी तोच सांगत राहिले: दहा तास. "२१ दिवस सगळेच म्हणतात. दहा तास कुणीच म्हणत नाही."

आकडा त्यांचा नाही, कायद्याचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ३१वा नियम सांगतो की खासगी गाडीचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं हवं आणि त्यात प्रत्यक्ष चालवणं किमान १० तासांचं. रोज अर्धा तास स्टिअरिंग हातात आलं तर हिशेब जुळतो. पण गाडीत एका वेळी चारजण बसवले आणि तासभर फिरवलं, तर माणशी पंधरा मिनिटं येतात. २१ दिवसांचे सव्वापाच तास. उरलेला वेळ मागच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या चुका बघायच्या. शिवाय त्या पंधरा मिनिटांतही शिकवणाऱ्याचा पाय त्याच्या क्लचवर असेल तर गाडी नक्की कोणी चालवली? '७ दिवसांत कार शिका' असे बोर्ड शहरात दिसतात. ते वाचताना मला आता त्या दुसऱ्या पेडलवरचा पाय दिसतो. गाडी बंद पडत नाही, शिकणारा खूश, फी वसूल. लायसन्स आल्यावर मात्र गाडी घराखाली कव्हर घालून उभी.

सर दोघांपेक्षा जास्त बसवत नाहीत. म्हणून त्यांची फी जास्त, आणि गिऱ्हाईक कमी.

पुलावरच्या बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पंधरा वर्षं स्कूटी चालवलेली, रहदारीची भीती नाही, आरसा बघण्याची सवय पक्की. तरी अडचण होती, कारण स्कूटीला क्लच नसतो. मूठ पिळली की निघाली. त्यांच्यासोबत शिकणारा पोरगा स्प्लेंडरवाला. त्याच्या डाव्या हाताला क्लच ठाऊक होता. ती जाण डाव्या पायात उतरायला त्याला तीन दिवस लागले. सगळ्यात लवकर शिकतात ते शेतकरी, असं सर म्हणाले. ट्रॅक्टरमुळे पाय तयार असतो. पण ट्रॅक्टरला हातरेस एकदा लावून ठेवायची सवय, डिझेल इंजिनही दमदार, त्यामुळे कारमध्ये बसले की उजवा पाय विसरूनच जातात.

"मॅडम, पाय उचलायलाव तुम्ही. क्लच सोडा म्हणलं, पाय उचला नाही म्हणलं."

बाईंना फरक कळेना. मलाही आधी कळला नाही. सरांनी त्यांना खाली उतरवलं, स्वतः बसले आणि दार उघडं ठेवून पाय दाखवला. टाच जमिनीला टेकलेली. पेडल वर येतंय ते घोट्यातून, गुडघा जवळजवळ स्थिर. पाय अधांतरी उचलला की मांडीचा जोर लागतो, आणि मांडीला दोन-चार मिलिमीटरचा अंदाज येत नाही.

सगळा मामला त्या दोन-चार मिलिमीटरचाच आहे. इंजिन सुरू असलं की उभ्या गाडीतही मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे घेत असतं. त्याहून फार खाली गेलं की ते मरतं. चाकं मात्र पूर्ण थांबलेली. पहिल्या गियरात, क्लच पूर्ण सुटलेला आणि रेसवर पाय नाही, अशी छोटी गाडी ताशी सहाएक किलोमीटरनं चालते. झपझप चालणाऱ्या माणसाचा वेग. सहाच्या पुढं गियर बघून घेतात. शून्य ते सहा हे अंतर कुठलाच गियर भरून काढत नाही. फिरणारं इंजिन आणि थांबलेली चाकं यांच्यामध्ये क्लच प्लेट घसरत राहते, घसरता घसरता दोघांचा वेग एक करते. यालाच आपण हाफ क्लच म्हणतो.

ही प्लेट मी एका गॅरेजात हातात घेऊन पाहिली. ताटलीएवढी, मधे जाडजूड स्प्रिंगा, कडेनं दोन्ही बाजूंना खरखरीत अस्तर, रिबिटांनी ठोकलेलं. नव्या प्लेटमध्ये रिबिटांचं डोकं अस्तरात एक-दीड मिलिमीटर खोल असतं. गाडीचं सगळं क्लचचं आयुष्य तेवढंच. उतरवलेल्या जुन्या प्लेटचं अस्तर गुळगुळीत होऊन रिबिटांना भिडलं होतं, आणि प्रेशर प्लेटवर निळे डाग होते, तापल्याचे. मिस्त्रींनी ती माझ्या नाकाजवळ धरली. कुकरचं हँडल जाळावर धरावं तसा वास. दोन्हीकडचं रेझिन एकाच जातीचं, त्यामुळे वास जुळतो. "हाफ क्लचवर पाय ठेवून चढावर उभे राहतेत," मिस्त्री म्हणाले, "हँडब्रेक काय शोभेला दिलाय का?"

हँडब्रेकचा धडा पुलावरच होतो. नांदेड सपाट गाव. गोदावरीचं खोरं, घाट नाही, टेकडी नावाला. चढ म्हणजे उड्डाणपूल. सरांची रीत साधी. गाडी चढावर थांबवायची, हँडब्रेक ओढायचा, दोन्ही पाय मोकळे करायचे. "आता गाडी कुठं जात नाही. मागच्याला वाजवू द्या." मग पहिला गियर, थोडी रेस, आणि टाच टेकवून क्लच वर. एका जागी इंजिनाचा आवाज बसतो, भरडा होतो, आणि बॉनेट बोटभर उचललं जातं. तिथं पाय थांबवायचा. नेमकं तिथंच नवशिक्याला वाटतं की झालं, आणि पाय सुटतो. दोन सेकंद काहीही न करणं हे या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे. आवाज बसलेला असताना हँडब्रेक खाली. गाडी मागे न सरकता पुढं निघते.

बाईंना ते जमलं त्या दिवशी मी मागच्या सीटवर होतो. सलग चार वेळा जमलं, पाचव्यांदा पुन्हा बंद. सरांनी पाय खाली घेतला नाही. मी एकदा विचारलं, भीती नाही वाटत? "हात हँडब्रेकवर आहे की. पाय खाली ठेवला तर पाय ऐकत नाही, दाबला जातो. मग दहा तास कुणाचे झाले? माझे."

चढावर थांबून मागे न सरकता निघणं ही सरांची हौस नव्हे. लायसन्सच्या चाचणीत काय तपासावं हे सांगणाऱ्या १५व्या नियमात ते मागितलंय, हँडब्रेकच्या किंवा रेस आणि पायब्रेकच्या योग्य वापरासह. आणि त्याआधी, गाडी सुरक्षित आणि अलगद हलवता येणंही. नियम लिहिणाऱ्यांना विषय चांगला ठाऊक होता. सपाट गावातल्या सपाट मैदानावर चढ कुठून आणायचा, हे त्यांनी आपल्यावर सोडलं.

आता क्लचचं पेडलच नसलेल्या गाड्या आल्यात. मारुतीनं २०१४ मध्ये सेलेरिओ आणली आणि एएमटी, म्हणजे क्लच-गियर आपोआप सांभाळणारं तंत्र, स्वस्त गाडीत उतरलं. दुचाकीला गियरची आणि बिनगियरची अशी दोन लायसन्सं आहेत. कारला तसा भेद नाही. मग कशाला शिकायचं, असं नीटची परीक्षा देऊन मोकळी झालेली पोरं विचारतात. सरांचं उत्तर एकच असतं: घरी बाबांची गाडी कुठली आहे? बहुतेकांची गियरची असते.

बाईंच्या घरचीही गियरचीच. त्यांचं माहेर लातूर. स्वतः गाडी चालवत माहेरी जायचं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. मिस्टर शेजारी, त्यांचं लायसन्स पक्कं, पुढं-मागं लाल 'एल'. मागच्या सीटवर मीही. लोहा, अहमदपूर, चाकूर असा १४० किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. महामार्गावर वरच्या गियरात डाव्या पायाला कामच नसतं, लोह्यापासून अहमदपूरपर्यंत तो नुसता पडून होता. त्यांची धास्ती वेगळीच होती: गंजगोलाई.

लातूरच्या या गोल बाजारपेठेला सोळा रस्ते मिळतात. मधे देवीचं मंदिर, भोवती दुकानं, आणि त्या सोळा तोंडांतून हातगाडे, रिक्षा, स्कूटी, पिशव्या घेतलेली माणसं. इथं दुसरा गियर पडतच नाही. दोन हात जा, थांब, पुन्हा निघ. बाई एकदाच बंद पडल्या. मिस्टर "सोड, मी घेतो" म्हणाले. शेवटपर्यंत त्यांचा उजवा पाय रिकाम्या मॅटवर ब्रेक दाबत होता. बाईंनी हँडब्रेक ओढला, मागच्याला वाजवू दिलं आणि टाच टेकवून गाडी काढली. भावाच्या दारात पोचल्यावर गाडीतून जळका वास येतोय का, हे त्यांनी आधी बघितलं. नव्हता.

मग सरांना फोन लावला. "सर, गोलाईतला पाऊण तास दहा तासांत धरा."

"मी शेजारी होतो का? नाही धरत," पलीकडून आवाज आला. "सोमवारी साडेसहा. रिव्हर्स राहिलाय तुमचा."