बाटलीवरच्या दोन खुणा

‘सेंद्रिय’ वाइन म्हटली की सगळं चोख, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. तो शिक्का बागेतली खतं, फवारणी आणि पुढची प्रक्रिया तपासतो. युरोपात २०१२ पासून सेंद्रिय वाइनला सल्फाइटची मर्यादाही साध्या वाइनपेक्षा कमी आहे. पण मजुराच्या पदरात काय पडलं?

दक्षिण आफ्रिकेत केपच्या मळ्यांवर पूर्वी मजुरीचा काही भाग वाइनमध्येच देत. ही ‘डॉप’ पद्धत. तिनं कित्येक कुटुंबं व्यसनात बुडवली. आज तिथल्या फेअरट्रेड मळ्यांना विक्रीमागे जादा रक्कम मिळते. ती कशावर खर्चायची हे मजूर मिळून ठरवतात.

घेणारानं दोन्ही खुणा पाहाव्यात, मातीची आणि माणसाची. ऊसतोड्यांच्या कष्टावर गाळप करणाऱ्या आपल्याला हे जास्त सांगायला नको.