टायटल वन : टक्केवारी घसरली, निधी थांबला

११ एप्रिल १९६५. टेक्सासमधल्या लहानपणीच्या शाळेच्या आवारात, आपल्या पहिल्या बाईंना शेजारी बसवून अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी शिक्षण कायद्यावर सही केली. त्यातला ‘टायटल वन’ हा भाग गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांना केंद्राचा निधी देतो.

रक्कम : २०२४ या आर्थिक वर्षात सुमारे १८.४ अब्ज डॉलर. त्यातून जादा शिक्षक, वाचन-गणिताचे पूरक वर्ग चालतात.

निकष : गरीब मुलं ७५ टक्क्यांहून अधिक असलेल्या शाळांचा हक्क पहिला. त्याखाली रेषा कुठे ओढायची, हे शालेय जिल्हा, म्हणजे त्या भागातल्या शाळा चालवणारी स्थानिक संस्था, ठरवतो.

मेख : वस्तीत सधन कुटुंबं राहायला आली की टक्केवारी घसरते. रेषेच्या किंचित खाली गेलेल्या शाळेचा सगळाच निधी थांबू शकतो. जिल्ह्याने मनावर घेतलं तर एका वर्षाची सवलत मिळते. गरीब मुलं मात्र त्याच बाकांवर असतात. अडखळत वाचणाऱ्या मुलाला रोज अर्धा तास वेगळं घेऊन बसणाऱ्या बाईंचं पद जातं, ते त्याच्याच वाट्याचं. हा उघड अन्याय आहे.

मुलांचा आवाज : अशा अन्यायाविरुद्ध मुलं स्वतःही बोलू शकतात. प्राथमिकच्या मुलांनी निषेध नोंदवणं अमेरिकेला नवं नाही. डिसेंबर १९६५ मध्ये डेस मॉइन्स शहरात व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काळ्या फिती बांधणाऱ्या टिंकर भावंडांत आठ वर्षांचा पॉल आणि अकरा वर्षांची होप होती. मोठ्या भावंडांवर कारवाई झाली, प्रकरण कोर्टात गेलं. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी सरकारी शाळांतल्या विद्यार्थ्यांचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य मान्य केलं. त्या निकालानुसार, शिकवण्यात मोठा व्यत्यय येत असेल किंवा इतरांच्या हक्कांवर गदा येत असेल, तरच शाळा त्यांना रोखू शकते.